खाचरांतील युरिया आणि विकराचें क्रियास्थान

भाताच्या खाचरांत युरिया टाकला म्हणजे तो प्रथम कोणाच्या हातीं पडतो, असा प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं कोणीं आम्हांस विचारला असता, तर "मुळांच्या" असें उत्तर आम्हीं बेधडक दिलें असतें. तें चुकीचें ठरलें असतें. भाताच्या मुळांच्या वांट्यास युरिया युरियाच्या रूपानें फारच थोडा येतो. त्याआधीं मातींतील एक अतिसूक्ष्म वस्तु त्याला गांठते, फोडते, आणि मग त्याचें पुढें काय व्हावयाचें तें ठरतें. ही वस्तु काय आहे, आणि तिच्या अंगांतील नेमक्या कोणत्या जागीं हें काम चालतें, तें समजल्यापासून आम्ही खत टाकण्याची आमची जुनी रीति सोडली. ती कां सोडली हें सभासद बंधूंपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आमची फजिती सांगतों. महसूल खात्याच्या नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्ही महाड तालुक्यांतील आपल्या वडिलार्जित जमिनीकडे वळलों. पहिल्याच वर्षीं श्रावणांत चार दिवसांची उघडीप पडली. खाचरांतील पाणी ओसरून चिखल वर आला होता व ऊन कडक पडलें होतें. आतां खत वाहून जाण्याची भीति नाहीं, असा विचार करून आम्हीं युरियाची अख्खी पिशवी फोकून दिली. तिसऱ्या दिवशीं बांधावर ओणवे होऊन पाहतों तों दाणे विरघळलेले आणि नाकास झोंबणारा एक पुसट वास. पुढें पंधरा दिवस वाट पाहिली, पण पिकाचा पिवळेपणा म्हणावा तसा हटला नाहीं. खतांत भेसळ आहे अशी आमची खात्री झाली व आम्ही तक्रार घेऊन दुकानदाराकडे गेलों. त्यानें शांतपणें विचारलें, "भाऊसाहेब, खाचरांत पाणी होतें का?" आम्हीं नव्हतें म्हणून सांगितलें. "मग भेसळ वाऱ्यानें केली," असें म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या वेळीं आम्हांस राग आला. आज वाटतें, त्यानें चार शब्दांत जें सांगितलें तें समजावून घेण्यास आम्हांस तीन वर्षें लागलीं.

तो वास आमच्या ओळखीचा होता. पावसाळ्यांत पहांटे गोठ्याचें दार उघडतांच डोळ्यांत पाणी आणणारा जो वास येतो, तोच हा, अमोनिया वायूचा. आतां पाहा, गाईचें ताजें मूत घ्या. त्यास हा वास नसतो. तेंच शेणाच्या चिखलांत रात्रभर राहिलें कीं वास सुटतो. कारण असें कीं, मुतांत युरिया असतो आणि शेणांतील जंतूंजवळ तो फोडण्याचें साधन असतें. गाईच्या मुतांतील युरिया आणि आपल्या जिल्ह्यांतील थळच्या कारखान्यांत होणारा युरिया यांत तिळमात्र भेद नाहीं. असले पदार्थ केवळ सजीवांच्या शरीरांतच होऊं शकतात अशी समजूत एके काळीं होती. ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यानें 1828 सालीं प्रयोगशाळेंत युरिया तयार करून हलविली.

युरिया आपण होऊन फुटत नाहीं, हें येथें मुद्दाम लक्षांत ठेवावें. कोरड्या पिशवींत तो तसाच पडून राहतो. निव्वळ शुद्ध पाण्यांत विरघळवून ठेवला तरी त्याचा निम्मा भाग फुटण्यास कित्येक वर्षें लागतात. परंतु आपल्या उबदार ओल्या मातींत पडला कीं दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरांत, तो संपतो. वर्षांचें काम दिवसांत उरकणारा हा कामगार म्हणजे युरिएज नांवाचें एन्झाइम होय. एन्झाइमांस शास्त्रीय मराठींत विकरें म्हणतात. आम्ही पुढें हाच शब्द योजूं. युरिएज हें विकर युरिया फुटण्याची गति सुमारें शंभर लक्ष कोटी पटींनीं वाढवितें, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

ज्यांस हें कागदावरचें वाटेल त्यांनीं पुढील प्रयोग घरीं करून पाहावा. स्वयंपाकघरांतला नव्हे असा एक कांचेचा पेला घ्यावा. त्यांत अर्धा पेला पाणी घालून चमचाभर युरिया विरघळवावा. मूठभर कच्चे सोयाबीन रात्रीं भिजत घालून सकाळीं वाटावें व तो लगदा त्या पाण्यांत टाकावा. पांढऱ्या फडक्याची एक पट्टी हळदीच्या पाण्यांत बुडवून, ओली असतांनाच, पेल्याच्या तोंडाशीं आंतल्या बाजूस अशी लटकवावी कीं ती खालच्या पाण्यास लागणार नाहीं. आणि वर झांकण ठेवावें. कांहीं वेळानें पट्टीचा पिवळा रंग तांबूस होऊं लागेल. चुन्याच्या निवळीनें हळदीस जो कुंकवाचा रंग चढतो, तसाच हा. दोन्ही ठिकाणीं क्षाराचा गुण. येथें क्षार म्हणजे युरियांतून सुटलेला अमोनिया. आतां दुसरा पेला मांडावा, पण यांतील सोयाबीन अर्धा तास खळखळून उकळून मग वाटावें. पट्टी पिवळीच राहील. सोयाबीनमध्येंही युरिएज असतें. उकळल्यानें तें निकामी झालें. याच कारणामुळें ज्या जनावरांस युरियायुक्त खाद्य दिलें जातें त्यांस कच्चें सोयाबीन घालूं नये, असा पशुवैद्यांचा इशारा असतो. पेल्यांत जें झालें तेंच जनावराच्या पोटांत वेगानें होऊन विषबाधा होते.

उकळल्यानें नेमकें काय बिघडलें? या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच क्रियास्थानाची ओळख.

विकर हें बहुधा प्रथिन असतें. दूध, डाळी, अंडीं यांतील प्रथिनांच्याच जातीचें. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लें नांवाच्या दुव्यांची लांब साखळी. हे दुवे मुख्यतः वीस प्रकारचे असतात. ही साखळी सरळ दोरीसारखी पडून राहत नाहीं. ती ठराविक रीतीनें वळते, दुमडते व तिचा एक गुंडाळा होतो. या गुंडाळ्यांत कोठें तरी एक खांच किंवा पोकळी राहते, आणि साखळींत एकमेकांपासून दूर असलेले दुवे दुमडण्यामुळें त्या पोकळीभोंवतीं शेजारी येऊन बसतात. किल्ले रायगडाच्या घेऱ्यांतील वाड्यांतून वाटेनें गेलें तर एकमेकींपासून तास-दोन तास दूर असलेलीं माणसें पालखीच्या दिवशीं एका पारावर खांद्यास खांदा लावून बसतात, तसेंच हें. पाराभोंवतीं बसलेलीं हीं चार माणसें मिळून जें काम करितात तें एकटा कोणीच करूं शकत नाहीं. ह्या पोकळीस क्रियास्थान म्हणावयाचें. विकराचा बाकीचा सर्व अवाढव्य पसारा बहुतांशीं एवढ्याचसाठीं, कीं ती पोकळी जागच्या जागीं व योग्य आकाराची राहावी.

उकळतांना साखळी तुटत नाहीं, उलगडते. दुवे तेच, तितकेच. पण पाराभोंवतालचीं माणसें पांगलीं. कचेरींत दप्तराची दोरी सुटून कागद खोलीभर उडाले म्हणजे गहाळ एकही झालेला नसतो, पण प्रकरण मात्र सांपडत नाहीं. आमचा हा अनुभव एकदांचा नाहीं.

अबईचा वेल कोंकणांत कुंपणावर चढविलेला आढळतो. त्याच कुळांतील एका जातीच्या दाण्यांनीं विकरांच्या शास्त्रांत मोठीच क्रांति केली. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेम्स समनर या रसायनशास्त्रज्ञानें कित्येक वर्षें खटपट करून या दाण्यांच्या पिठांतून 1926 सालीं युरिएज स्फटिकरूपानें वेगळें काढलें. तोंपर्यंत कोणतेंही विकर असें स्वच्छ हातीं लागलें नव्हतें, आणि विकर हें प्रथिन असतें हें मोठमोठे विद्वानही मानावयास तयार नव्हते. समनर मूळचा डावखुरा. सतराव्या वर्षीं शिकारींतील अपघातानें त्याचा डावा हातच कापावा लागला होता. उजव्या एका हातानें प्रयोगशाळेंतील नाजूक कामें तो शिकला. त्यास 1946 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अबईच्या दाण्याकडे आम्ही तेव्हांपासून जरा आदरानें पाहतों.

समनरला मात्र एक गोष्ट दिसली नाहीं. या विकरांत निकेल धातु असतो, हें 1975 सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं दाखविलें. आणि 1995 सालीं एका जंतूच्या युरिएजचा नकाशा क्ष-किरणांच्या साहाय्यानें निघाला तेव्हां क्रियास्थानाची मोजणी बांधापासून बांधापर्यंत झाली. अबईच्या युरिएजची एकेक साखळी 840 दुव्यांची असते. अशा सहा साखळ्या मिळून एक विकर. प्रत्येक साखळींत एक क्रियास्थान, आणि त्यांत निकेलचे दोन अणु शेजारीं शेजारीं. त्या दोहोंमधील अंतर किती? एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यांतील सुमारें साडेतीन भाग. या अणूंना जागीं धरून ठेवणारे दुवे अवघे सहा. वर एक झडप असते. ती उघडते, मिटते.

काम असें चालतें. मातींतील पाण्याबरोबर भटकत युरियाचा कण, शास्त्राच्या भाषेंत रेणु, पोकळींत शिरतो. तो निकेलच्या अणूंस अशा बेतानें टेकतो कीं त्याचा मधला कार्बन उघडा पडतो. निकेलच्या दोन अणूंमध्यें पाण्याचा एक अंश आधींच टपून असतो; तो त्या कार्बनावर घाला घालतो. झडप मिटलेली असल्यामुळें युरियास हलतां येत नाहीं. तो दुभंगतो, अमोनियाचा एक कण सुटतो, आणि उरलेला तुकडा अस्थिर असल्यामुळें आपोआप फुटून अमोनियाचा दुसरा कण व कार्बन डायऑक्साइड देतो. झडप उघडते. पोकळी जशी होती तशी रिकामी. पुन्हां नवा पाण्याचा अंश, नवा युरिया. हें सर्व एका सेकंदांत हजारों वेळां होतें. विकर खर्चीं पडत नाहीं, ही यांतील मुख्य गोष्ट. कारकुनाच्या टेबलावरून दिवसभर प्रकरणें जातात; टेबल झिजत नाहीं.

क्रियास्थान व त्यांत येणारा पदार्थ यांस एमिल फिशर यानें 1894 सालीं कुलूप-किल्लीची उपमा दिली. ती अजूनही शाळेंत शिकवितात व ती बरीचशी खरी आहे. युरिएज पिष्टास हात लावीत नाहीं, आणि पिष्ट फोडणारें अमायलेज विकर युरियास ओळखीत नाहीं. प्रत्येकाची पोकळी वेगळी. (परतीच्या पावसांत आडवें पडलेलें भात शेतांतच मोडावतें, त्यांतील पिष्टाची साखर करणारें तें हेंच अमायलेज. अशा भाताचे पंचनामे आम्हीं नोकरींत शेंकड्यांनीं लिहिले. "मोड आले आहेत" यापुढें शेरा कधीं गेला नाहीं. नाचणीस मोड आणून सत्त्व करितात तें पचावयास हलकें होतें, त्यासही तेंच कारण.) परंतु कुलूप कठीण असतें, विकर तसें नाहीं. पदार्थ शिरूं लागतांच पोकळीही त्याच्याभोंवतीं किंचित् वळते, असें कोशलंड यानें 1958 सालीं सुचविलें. नांगराच्या रुमण्यावर मूठ आवळली जाते तसें. रुमणें धरण्यापूर्वीं हाताला मुठीचा आकार नसतो; धरल्यावर येतो.

आणखी एक नियम शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. एका टेबलापुढें एकच खुर्ची. दहा माणसें आलीं काय अन् शंभर आलीं काय, दिवसांत जेवढीं प्रकरणें उरकावयाचीं तेवढींच उरकणार. पदार्थ वाढवीत गेलें तर विकराचें काम आरंभीं वाढतें आणि मग एका मर्यादेस टेकतें. हा हिशेब मिकेलिस व मॉड मेंटेन नांवाची विदुषी यांनीं 1913 सालीं बर्लिन येथें मांडला. म्हणून युरियाच्या दाण्याभोंवतालच्या मातींत हें काम कांहीं दिवस एकसारखें चालूं राहतें. त्या कांहीं दिवसांत दाणा कोठें आहे, यावर शेतकऱ्याचा नफातोटा अवलंबून असतो.

आतां खाचराकडे वळूं. मातींतील युरिएज जंतूंत असतें. शिवाय मेलेल्या जंतूंतून सुटलेलें विकर चिकणमातीच्या व कुजलेल्या पाल्याच्या कणांस चिकटून दीर्घकाळ कामीं राहतें. तें सर्वांत जास्त असतें वरच्या थरांत, जेथें पालापाचोळा व धसकटें कुजत असतात. तें नाहींसें करणें शक्य नाहीं व इष्टही नाहीं, कारण भाताच्या मुळास मुख्यतः युरियापासून झालेलें अमोनियमच हवें असतें. प्रश्न एवढाच कीं तें वर व्हावें कीं खालीं.

वर झालें तर काय होतें? दाण्याभोंवतीं अमोनिया साठतो, तेथील माती क्षारधर्मी होते, आणि क्षारधर्मी जागेंत अमोनिया पाण्यांत न टिकतां वायु होऊन उडतो. खाचरांत पाणी असलें तरी हें अगदींच टळत नाहीं. उन्हांत शेवाळ पाण्यांतील कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतें व दुपारीं तें पाणी आणखी क्षारधर्मी होतें. उडण्यापासून जें वांचतें, त्यांतील बराचसा भाग हवेशीर वरच्या थरांत नायट्रेट होऊन झिरपतो किंवा पुढच्या सरीबरोबर बांधावरून गांधारी-सावित्रींत जातो. पाण्याच्या भातशेतींत फोकून दिलेल्या युरियांतील नत्रापैकीं पिकास साधारण 30 ते 40 टक्केच पोंचतें, असें ठिकठिकाणच्या प्रयोगांत आढळलें आहे. हिशेब करून पाहा. पिशवी 45 किलोची. नत्र 46 टक्के. म्हणजे पिशवींत नत्र 20 किलो 700 ग्रॅम. पिकाच्या वांट्यास सहा ते आठ किलो. बाकीचें बारा-चौदा किलो आपण पैसे मोजून विकत घेतलें, डोक्यावरून बांधापर्यंत नेलें, आणि वाऱ्यास व नदीस वाहिलें.

खालीं झालें तर? सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलांतही युरिएज आहेच. तेथेंही युरिया फुटतो. पण तेथें वारा नाहीं. अमोनियमचे कण धनभारित असतात व चिकणमाती ऋणभारित, त्यामुळें ते तिला धरून राहतात. प्राणवायु नसल्यामुळें नायट्रेट करणारे जंतु तेथें थंड पडतात. मूळ येऊन हळूहळू उचलील तोंपर्यंत माल कोठारांत. आपल्या तांबड्या जमिनींत हें धरून ठेवण्याचें बळ घाटावरील काळ्या जमिनीपेक्षां कमी असतें, हें मात्र विसरतां कामा नये. म्हणून आपल्याकडे एकदम भारी मात्रा देण्यांत तोटाच अधिक.

याच तत्त्वावर आपल्या कोंकणांत युरिया-डीएपीच्या गोळ्यांची पद्धति आली. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या नांवाशीं निगडित असलेल्या चारसूत्री भातलागवडींतील हें चौथें सूत्र. पहिलें भाताच्या तुसाची राख व पेंढा यांचा वापर, दुसरें गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडणें, तिसरें नियंत्रित लावणी. त्यांविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. तिसऱ्या सूत्राप्रमाणें चुडांमधील अंतर आळीपाळीनें 15 व 25 सेंटिमीटर ठेवितात, म्हणजे 15 सेंटिमीटरवर चार चुडांचा एकेक लहान चौकोन होतो. अशा प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागीं 2.7 ग्रॅम वजनाची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशीं किंवा लागलीच, हातानें खोंचावयाची. एका आरास, म्हणजे सुमारें एका गुंठ्यास, 625 गोळ्या. वजन पावणेदोन किलोंच्या आंतच. पुढें वरून युरिया देण्याचें सहसा कारण पडत नाहीं.

एकरास पंचवीस हजार गोळ्या झाल्या, हें वाचकांच्या मनांत आलेंच असेल. आमच्याही आलें. महाड-पोलादपूरच्या घराघरांतील तरुण हात मुंबईस आहेत. लावणीस बायाच मिळत नाहींत, तेथें पंचवीस हजार वेळां कोण वांकणार? ही अडचण खरी आहे व ती शास्त्रानें सुटत नाहीं. आम्हीं पहिल्या वर्षीं दहा गुंठ्यांचें एकच खाचर निवडलें, आणि तेंही असें कीं ज्याच्या बांधावरून पाणी कायम वाहतें, जेथें फोकलेलें खत हमखास जातें. त्या खाचरांतील भाताचा हिरवा रंग पोटरीपर्यंत टिकला. शेजारच्या खाचराचा टिकला नाहीं. दुसऱ्या वर्षीं लावणाऱ्या बायांनींच आपण होऊन विचारलें, "यंदा गोळ्या नाहींत का?" आमच्या मतें उताराच्या, पाणी न ठरणाऱ्या खाचरांपासून आरंभ करावा.

ज्यांस हें जमणार नाहीं त्यांनीं निदान एवढें करावें. युरिया एकदम न देतां विभागून द्यावा. पहिला हप्ता चिखलणीच्या वेळीं चिखलांत मिसळून जाईल असा द्यावा. पुढचा देतांना खाचरांतील पाणी कमी करावें, खत टाकून हातानें अगर कोळप्यानें चिखलांत दाबावें, व एक-दोन दिवसांनीं पाणी पुन्हां बांधावें. सुकत चाललेल्या जमिनीवर, आम्हीं टाकला तसा, टाकूं नये. काळे ढग वरंध्याच्या बाजूनें उतरत असतांनाही टाकूं नये.

हाच अमोनिया कोंडला तर कामाचा होतो. शंभर किलो वाळल्या पेंढ्यावर चार किलो युरियाचें द्रावण शिंपडून, थर दाबून, तीन आठवडे हवाबंद झांकून ठेविलें, कीं पेंढ्यावरील जंतूंचें युरिएज तेंच काम करितें. अमोनियानें पेंढा मऊ होतो व जनावरास अधिक पचतो. उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत पसरून ठेवावा, मगच घालावा. एकच विकर, एकच पोकळी. उघड्यावर चोर, झांकणाखालीं चाकर.

आतां एक गैरसमज. 2015 पासून देशांत तयार होणारा सर्व युरिया कडूनिंबाच्या तेलाचें लेपण देऊन विकला जातो, तेव्हां आतां तो उडत नाहीं, असें पुष्कळ लोक समजतात. कडूनिंबाचा प्रभाव मुख्यतः पुढच्या पायरीवर, म्हणजे अमोनियमचें नायट्रेट करणाऱ्या जंतूंवर आहे. युरिएजची पोकळी त्यानें बंद होते असें समजून युरिया वरवर फोकणें म्हणजे मागच्या दारास कुलूप लावून पुढचें उघडें टाकणें होय.

युरिएजची पोकळीच अडविणारीं द्रव्येंही निघालीं आहेत. परदेशांत एनबीपीटी नांवाचें द्रव्य युरियास चोळून विकतात. तें युरियाचें सोंग घेऊन क्रियास्थानांत शिरतें, निकेलच्या अणूंस चिकटतें, आणि उठत नाहीं. काम नसलेला इसम टेबलापुढची खुर्ची अडवून बसावा, आणि खरे अर्जदार बाहेर ताटकळावे, तसा प्रकार. कांहीं दिवसांत युरिया पाण्याबरोबर खालीं उतरतो, तेवढी सवड पुरते.

हा प्रकार लिहून ठेवण्याचें आणखी एक कारण आहे, व तें खतापेक्षां मोठें आहे. खोडकिडा, निळे भुंगेरे, सुरळींतील अळी यांवर आपण जीं औषधें फवारतों त्यांतील क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस हीं ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गांतलीं होत. आणि तीं नेमकें हेंच करितात, फक्त पोकळी दुसऱ्या विकराची असते. मज्जातंतूनें स्नायूस निरोप धाडला म्हणजे तो अॅसिटिलकोलिन नांवाच्या द्रव्याच्या रूपानें पोंचतो. निरोप पोंचतांच तें द्रव्य नष्ट व्हावें लागतें, नाहीं तर हुकूम वाजतच राहतो. तें नष्ट करणाऱ्या विकराचें क्रियास्थान एका खोल अरुंद खिंडीच्या तळाशीं असतें. 1991 सालीं त्याचा नकाशा निघाला. औषधांतील फॉस्फरस त्या तळाशीं असलेल्या सेरीन नांवाच्या दुव्यास असा घट्ट चिकटतो कीं पोकळी बंद. किडींत हें विकर असतें म्हणून कीड मरते. तें फवारणाऱ्याच्या शरीरांतही असतें. औषधास दोघांतला भेद कळत नाहीं.

मग डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, छाती दाटते, स्नायु फडफडतात. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसांवर माणसें दगावलीं. त्या वेळीं वापरलेल्या औषधांत या वर्गांतलींही होतीं. हें विष पोटांत जावेंच लागतें असें नाहीं. पाठीवरच्या पंपाची गळती सदऱ्यावर उतरली तरी कातडींतून तें आंत जातें. आपल्याकडे पावसाच्या दोन सरींमधील उघडीप साधावयाची म्हणून भिजल्या कपड्यांनीं घाईघाईनें फवारणी होते; तेव्हां असा कपडा तत्काळ उतरवून अंग साबणानें धुवावें व माणसास विलंब न करितां दवाखान्यांत न्यावें.

डॉक्टर दोन औषधें देतात. अॅट्रोपिन हें पोकळी मोकळी करीत नाहीं. तें फक्त वाजत्या हुकुमाचा आवाज बराचसा कमी करितें आणि जीव तगवितें. प्रॅलिडॉक्झिम हें पोकळींतील फॉस्फरसास ओढून काढूं पाहतें. पण चिकटलेला फॉस्फरस वेळ जाईल तसा अधिक पक्का होतो, आणि एकदां पक्का झाला कीं या औषधाचें कांहीं चालत नाहीं. किती वेळांत पक्का होतो हें प्रत्येक औषधाचें वेगळें. म्हणून रोग्याबरोबर फवारणीच्या औषधाची बाटली, तिच्यावरील चिठ्ठी शाबूत असलेली, न्यावी. आमच्या माजघरांत ती चिठ्ठी ओलीनें सुटूं नये म्हणून आम्ही बाटली आणल्याबरोबर नांव एका कागदावर उतरून भिंतीस टांचून ठेवितों.